निळी बाटली उशापाशी

१

गाणं चोरीला गेलं म्हणून सांगायला माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा चिडलेली असतात. ताई आली ती घाबरलेली होती.

आमची कंपनी गाणी प्रकाशित करते. म्हणजे गाणं लिहिणाऱ्याकडून त्याच्या आजवरच्या आणि पुढच्या सगळ्या गाण्यांचे हक्क कंपनी आपल्या नावावर घेते, ती गाणी गायकांपर्यंत, रेडिओपर्यंत, सिनेमापर्यंत पोचवते, आणि कुणी एखादं ढापलं तर त्याच्या मागे लागते. हे मागे लागण्याचं खातं माझ्याकडे. मी कंपनीची वकील. हक्क कंपनीच्या नावावर असल्यामुळे गाणं लिहिणाऱ्याला स्वतः कोर्टात जाता येत नाही, भांडायचं तर कंपनीनंच. हे मी प्रत्येक नव्या माणसाला करारावर सही घेताना सांगते, आणि वर "काळजी करू नका, आम्ही आहोत ना" असंही म्हणते. तशी मी जन्माची भित्री. कुत्री, लिफ्ट, नवऱ्याचं गाडी चालवणं, सगळ्याला घाबरते. कोर्टात मात्र घाबरत नाही, कारण तिथं भांडण दुसऱ्याचं असतं.

ताई, म्हणजे जिला सगळे ताई म्हणतात ती आमची गीतकार, चाळिशी उलटलेली, एकटी, दादा-वहिनीकडे राहणारी. शब्द तिचे आणि चालही तिचीच. पिशवी खांद्यावरून न काढता ती माझ्यासमोरच्या खुर्चीत टेकली.

"इस्त्रीचे कपडे आणायला गेले होते," ती म्हणाली. "दुकानात रेडिओ चालू होता. माझं गाणं लागलं."

"मग पेढे कुठायत?"

"वकीलबाई, ते गाणं मी अजून कुणाला दिलेलंच नाही. कुणासमोर गायलेलं नाही. मागे मला न्यूमोनिया झाला होता ना, तेव्हा तापात सुचलं. तिसरं कडवं जमत नाहीये म्हणून तसंच ठेवलंय. ते माझ्या खोलीबाहेर गेलेलं नाही. आणि तो नामवंत गायक ते रेडिओवर गातोय."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. कंपनीचे मालक, आमचे आप्पा. ऐंशीच्या घरातले. तरुणपणी स्वतः चाली लावायचे, मग चाली यायच्या बंद झाल्या तशी त्यांनी दुसऱ्यांच्या चाली सांभाळायला कंपनी काढली. ताईला त्यांनीच हुडकून आणलं होतं. त्यांनी सगळं उभ्यानं ऐकलं. गाण्याचं नाव निघालं तसा त्यांचा चेहरा जरासा आक्रसला.

"आपल्याकडे ठेवलंयस का ते गाणं?" त्यांनी विचारलं.

पूर्ण झालेलं प्रत्येक गाणं आमच्याकडे एकदा गाऊन ठेवायचं अशी पद्धत आहे. तारखेचा पुरावा म्हणून. ताईनं नकारार्थी मान हलवली. अर्धवट गाणं कशाला ठेवायचं?

"अगं पोरी," आप्पा मऊ आवाजात म्हणाले, "कधी कधी आपण कुठंतरी ऐकतो आणि वाटतं, मलाच सुचलं. दमली आहेस तू. एवढी आजारी होतीस, माझं तर तुला बघायला यायचंही राहून गेलं. चहा घेतलास का?"

"घेतला, आप्पा."

"विश्रांती घे. हे गाणं सोडून दे." ते वळले, दारात थांबले. "हिला चहा दिलास का गं?" त्यांनी मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गेले.

ताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेजारणीची गोष्ट स्वतःची म्हणून सांगायची. शेवटी तिनं आम्हालाही ओळखलं नाही. वकीलबाई, गाणं चोरीला गेलं असेल ना, तर फार बरं होईल. नसेल गेलं, तर मी आईच्याच वाटेनं चालले."

तिचा हात बर्फासारखा गार होता.

२

ते गाणं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. चाल खरंच जीवघेणी होती. शब्द कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसाचे होते, आणि दर कडव्यानंतर त्याच दोन ओळी येत होत्या:

निळी बाटली उशापाशी
काठी टेकली भिंतीशी

या ओळींचा अर्थ काय यावर लोक रेडिओवर फोन करकरून बोलत होते. कुणाला त्या बाटलीत विष दिसत होतं, कुणाला विरह. समीक्षकांची तर चंगळ झाली होती. आणि हे सगळं रचणाऱ्याचं नाव काय, तर 'पाहुणा'. टोपणनाव. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाहेर पडले तर बसथांब्यावरचा माणूस तीच चाल शिट्टीवर वाजवत होता. फळवाली गुणगुणत होती. हे ऐकत रस्त्यावरून चालताना ताईला कसं होत असेल, या विचारानं मला कसंतरीच झालं. आपल्या घरातली वस्तू गावभर लोकांच्या हातात दिसावी आणि ती आपली होती याची आपल्यालाच खात्री नसावी.

गाणं पलीकडच्या कंपनीनं काढलं होतं. त्यांच्या व्यवस्थापकाला मी फोन लावला. हा गृहस्थ कायम हसत बोलतो, त्यामुळे तो धमकी कधी देतो ते कळत नाही.

"तुमच्या बाईंना आवरा, मॅडम," तो म्हणाला. "गाणं आमचं आधी आलंय. उद्या त्यांनी तेच गाणं बाहेर काढलं तर चोर त्या ठरतील. आम्ही गप्प बसणार नाही. आम्हालाही वकील आहेत."

"पाहुणा कोण आहे ते सांगा, मग ठरवू चोर कोण."

"शब्द दिलाय, नाव सांगता येणार नाही."

"कोर्टात सांगावं लागेल."

तो पहिल्यांदाच हसायचा थांबला. "मी तुमच्या भल्यासाठी सांगतो. फार खोलात शिरू नका. पाहुणा तुमच्याच घरातला निघाला तर काय कराल?"

त्यानं फोन ठेवला. मी उठून माझ्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या घरी गेले. तिची खोली म्हणजे एक पलंग, एक की-बोर्ड आणि भिंतीला लागून कपाट. खिडक्या सगळ्या बंद. फटींत कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या.

"कुणीतरी ऐकतंय असं वाटतं," ती कुजबुजली. "काल पलंगाखाली वाकून बघितलं. वहिनी भाजी चिरता चिरता थांबली की वाटतं, भिंतीला कान लावलाय तिनं. एवढी माझं करते, आणि मी तिच्यावर संशय घेते."

"गाता का हल्ली?"

"ओठसुद्धा हलवत नाही."

हे ऐकून मला भीतीपेक्षा राग जास्त आला. मी बॅग बाजूला ठेवली. "मला एक सांगा. रेडिओवरच्या त्या गाण्यात शब्द तुमचे आहेत का? निदान एखादा?"

"माझे शब्द अगदी वेगळे आहेत. पण त्यातली एक ओळ…" तिनं बंद दाराकडे बघितलं. "निळी बाटली उशापाशी. ती माझी डमी आहे."

डमी म्हणजे काय ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. आधी चाल सुचते, शब्द मागून येतात. तोवर चाल विसरू नये म्हणून मापाचे कुठलेही शब्द त्यात भरून ठेवायचे. कुणी ला-ला-ला भरतं, कुणी आकडे. खरे शब्द आले की डमी कचऱ्यात.

"मी डोळ्यांसमोर दिसेल ते भरते," ताई म्हणाली. "स्वयंपाकघरात असले तर गाळणी आणि झारा. तेव्हा मी पडून होते. उशापाशी खोकल्याच्या औषधाची निळी बाटली होती. बरी झाले तशी ती ओळ काढून खरे शब्द घातले. ही बाटली जगात दुसऱ्या कुणाला सुचायचं काही कारणच नाही."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. "मग झालं तर! चोरी सिद्ध झाली. तुम्ही ठणठणीत आहात."

"आणि दुसरी ओळ?" तिनं विचारलं. तिचे डोळे मोठे झाले होते. "काठी टेकली भिंतीशी. वकीलबाई, या घरात काठी कुणाकडेच नाही. कधीच नव्हती. दादा धडधाकट आहे. मी दिसेल ते भरते, आणि काठी तर इथं कधी नव्हतीच. म्हणजे ती ओळ माझी नाही. मग पहिली तरी माझी कशावरून? रेडिओवर ऐकून मीच माझ्या आजारपणाला ती बाटली चिकटवली नसेल कशावरून?"

ती बंद खोली मला एकदम फार लहान वाटायला लागली.

४

ताईच्या म्हणण्याप्रमाणे आजारपणात आणि नंतर, वहिनी सोडली तर, घरात तिघांचाच पाय लागला होता. तिचा दादा, जो तिथंच राहतो. तिची गायिका मैत्रीण, जिला सगळे मैना म्हणतात. आणि आप्पांचे चिरंजीव, आमचे धाकटे मालक.

दादाला मी त्याच्या ऑफिसात गाठलं. तो पुलांचे आराखडे काढतो. "ती आजारी होती तेव्हा मी पुलाच्या कामावर बाहेरगावी होतो," तो म्हणाला. "आलो तेव्हा ती उठून बसली होती. आणि घरी असतो तरी काय? मला गाणं आणि कुकरची शिट्टी यातला फरक कळत नाही. शाळेत प्रार्थनेला मास्तर मला नुसतं तोंड हलवायला सांगायचे." मग पेन्सिल ठेवून तो म्हणाला, "बाई, तिला डॉक्टरकडे न्यायचं का हो? आईच्या वेळी आम्ही फार उशीर केला." तो रडवेला झाला होता. एवढा दांडगा माणूस रडायला आला की मला काय करावं सुचत नाही. मी त्याच्या पुलाचं कौतुक करून बाहेर पडले.

मैना स्टुडिओत गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळून बसली होती. "मी गेले होते, पण अगदी सुरुवातीला, आणि दारातूनच बोलले," ती म्हणाली. "छातीचा आजार, माझा गळा म्हणजे माझं पोट. खोलीत पाऊल टाकलं नाही. स्वार्थी म्हणा हवं तर."

"उशापाशी बाटली होती?"

"होती ना. तपकिरी. झाकणावर चमचा पालथा घातलेला. का?"

"तपकिरी? निळी नव्हे?"

"अहो, मी रंग चांगले ओळखते. तपकिरी."

धाकटे मालक त्यांच्या काचेच्या खोलीत दोन फोनवर एकदम बोलत होते. त्यांना कंपनी विकून मोकळं व्हायचंय हे ऑफिसातल्या मांजरालाही माहीत आहे. "मी गेलो होतो फळं घेऊन," ते म्हणाले. "ती की-बोर्डवर बसून काहीतरी वाजवत होती. मी ऐकलंही नाही. उशापाशी बाटली? छे, पलंग आवरलेला होता, ती ठणठणीत बरी झाली होती." मग फोन बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे प्रकरण मिटवा. बाबांना त्रास होतोय. त्या गाण्याचं नाव काढलं की ते अस्वस्थ होतात. काल मला म्हणाले, त्या पोरीला कोर्टात जाऊ देऊ नकोस."

"का?"

"ते मला काय विचारता?"

म्हणजे मैना आली तेव्हा बाटली तपकिरी होती आणि धाकटे गेले तेव्हा बाटलीच नव्हती. निळी बाटली मधल्या दिवसांत असली तर असेल, आणि मधल्या दिवसांत कुणीच आलं नव्हतं. की ताई म्हणत होती तेच खरं होतं? जिन्यानं उतरताना पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की तिचं डोकं खरंच ठिकाणावर नसेल. माझीच मला लाज वाटली.

५

वहिनीला मी शेवटी भेटले, हा माझा गाढवपणा. आजाऱ्याची खोली कुणाच्या ताब्यात असते हे मला, दोन सासूंची बाळंतपणासारखी आजारपणं काढलेल्या बाईला, आधी सुचायला हवं होतं. एक सासू माझी, एक नणंदेची.

वहिनी गच्चीवर चादरी वाळत घालत होती. मी दुसरं टोक धरलं.

"निळी बाटली? होती की," ती म्हणाली. "आधीची तपकिरी हिनं तापात हात मारून फोडली. सगळीकडे काचा आणि चिकट. दुकानात तेच औषध नव्हतं, त्यानं दुसऱ्या कंपनीचं दिलं, ते निळ्या बाटलीत. संपलं तशी टाकून दिली. तीन-चार दिवसच होती. तेव्हा तर ही भ्रमात होती हो. डोळे उघडे पण ओळख नाही. आणि तोंडानं सारखं गाणं. मला तिची सगळी गाणी सारखीच वाटतात, पण शब्द काहीबाही होते. बाटली म्हण, पंखा म्हण."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ताई खरी होती. बाटली खरी होती.

"काठी म्हणाली होती का?"

"आता ते काही लक्षात नाही."

"त्या तीन-चार दिवसांत घरात काठी होती का? झाडूची, पडद्याची, कसलीही?"

"नाही बाई." तिनं चादर झटकली, चिमटा लावला आणि सहज म्हणाली, "आप्पांची काय ती. आप्पा आले होते ना, ते काठी भिंतीला लावून बसले होते."

चादरीचं टोक माझ्या हातातून सुटलं.

"आप्पा आले होते?"

"म्हणजे काय! चांगले दुपारभर बसले. मला म्हणाले, तू जरा पड, मी बघतो हिच्याकडे. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते. ती गात होती आणि ते पलंगाच्या कडेवर बोटांनी ताल धरत होते. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. हिला आठवत नसेल, पण मला वाटलं त्यांनीच सांगितलं असेल. का हो, काय झालं?"

माझं यायचंही राहून गेलं, असं आप्पा म्हणाले होते. माझ्यासमोर. ताईच्या तोंडावर.

६

मी आप्पांकडे वीस वर्षांहून जास्त नोकरी केली. वडील गेले तेव्हा स्मशानात माझ्याशेजारी ते उभे होते. त्या माणसानं आजारी पोरीच्या उशाशी बसून तिचं गाणं उचललं, दुसऱ्याच्या कंपनीत नेऊन दिलं, आणि ती रडत आली तेव्हा तिलाच भ्रम झाल्याचं सांगितलं? हक्क कंपनीच्या नावावर, कंपनी त्यांची, म्हणजे तिनं दाद मागायची ती त्यांच्याकडेच. असा माणूस आणखी काय करू शकेल, आणि मी एकटी त्याच्यासमोर जाऊन काय म्हणणार?

बागेतल्या बाकावर बसून मी जीव शांत केला आणि भीती बाजूला ठेवून विचार करून पाहिला. तेव्हा दोन गोष्टी बसेनात.

पहिली ही. आप्पांना डमी म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं. चोरायचं असतं तर त्यांनी ती बाटली आणि ती काठी सगळ्यात आधी काढून टाकली असती. उलट त्या दोन ओळी दर कडव्यानंतर येत होत्या. स्वतःची काठी गाण्यात ठेवून कोण चोरी करतं? दुसरी गोष्ट त्यांच्या थापेची. वहिनीच्या हातचा चहा पिऊन, तिच्या घरात दुपार काढून, मी गेलोच नाही असं तिच्याच नणंदेला सांगायचं? एवढी कच्ची थाप आप्पांसारखा माणूस मारणार नाही.

मग ते थाप मारतच नव्हते. मला त्यांचं दारात थांबून पुन्हा चहाचं विचारणं आठवलं. तशी गेल्या वर्षातली कितीतरी विचारणी आठवली, ज्यांना आम्ही सगळे म्हातारपण म्हणून हसलो होतो. आता माझी भीती गेली नाही, फक्त तिची जागा बदलली. ती आप्पांची वाटण्याऐवजी आप्पांसाठी वाटायला लागली, आणि ही जास्त वाईट होती.

तडक त्यांच्या खोलीत गेले. ऊन टेबलावर आलं होतं.

"आप्पा, पाहुणा तुम्हीच ना?"

ते दचकले. मग लहान मुलासारखे लाजले. "कळलं तुला? कुणाला बोलू नकोस. अगं, इतक्या वर्षांनी चाल आली! सकाळी उठलो आणि अख्खी डोक्यात तयार. शब्दांसकट. मला वाटलं, मरायच्या आधी देवाला दया आली. इथं काढली असती तर लोक म्हणाले असते, मालकाची गाणी मालकच वाजवतो. म्हणून तिकडे दिली, टोपणनावानं." त्यांचा चेहरा उतरला. "आणि मग ही पोर आली. तिला काय सांगू? तिचं डोकं फिरतंय हे मला कळत होतं. कोर्टात तिची शोभा झाली असती. म्हणून म्हटलं, सोडून दे."

"ती निळी बाटली कसली आहे, आप्पा?"

"सुचली."

"काठी?"

"तीही सुचली. सुचतं ते कुठून येतं, कोण सांगणार?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मला बोलायचं नव्हतं. कंपनीची वकील म्हणून कंपनीच्या मालकाला हे सांगायची वेळ येईल असं कुठल्या कलमात लिहिलं नव्हतं. तरी सांगितलं. ताप, फुटलेली बाटली, ओल्या पट्ट्या, भिंतीला टेकलेली काठी, पलंगावरचा ताल. वहिनीनं सांगितलं तसं, काही न गाळता.

ते आधी हसले. मग रागावले. मग त्यांनी खुर्चीला टेकलेल्या काठीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडत गेला.

"मी गेलो होतो?" त्यांनी विचारलं.

"दुपारभर बसला होतात."

"मला काहीच आठवत नाही गं." त्यांचे हात टेबलावर काहीतरी शोधत होते. "काहीच नाही. बाकी काय काय गेलं असेल?"

मी त्यांचे हात धरले. ताईचे होते तसेच गार होते.

थोड्या वेळानं ते ताठ बसले. "नकळत केली तरी नक्कल ती नक्कलच. बरोबर?"

"कायद्यानं, हो."

"मग तक्रार लिही. माझ्या कंपनीची, माझ्याविरुद्ध. आत्ताच लिही, मी सही करतो. त्या पोरीला बोलाव, तिच्या वहिनीला बोलाव, माझ्या मुलाला बोलाव. सगळ्यांसमोर माझ्या तोंडून वदवून घे." त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट आवळलं की दुखलं. "घाई कर. उद्या मला ती चाल पुन्हा माझीच वाटेल. मग मी तुमच्याशी भांडेन, तिला वेडी ठरवेन, आणि मला ते खरंच वाटत असेल."

७

त्यांनी कबुली दिली तेव्हा धाकटे मालक खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि ताई पदरानं डोळे पुसत होती. तिला राग यायला हवा होता. आला असता तर मला जरा हलकं वाटलं असतं. पण तिनं फक्त विचारलं, "म्हणजे मी बरी आहे?" मी हो म्हटल्यावर ती खुर्चीत कोसळलीच, आणि वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पलीकडच्या कंपनीचा व्यवस्थापक आप्पांची सही पाहून हसायचं विसरला. गाण्यावरचं पाहुण्याचं नाव गेलं, ताईचं आलं. गाणं ताईच्या नावानं पहिल्यांदा लागलं तो रेडिओचा कार्यक्रम दादानं आवर्जून ऐकला आणि गाणं कुठलं ते वहिनीला विचारून घेतलं. ताईच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या.

डॉक्टरांनी आप्पांना जे सांगितलं ते आम्हाला कळलंच होतं. तरी ते ऑफिसात येतात. धाकट्यांनी कंपनी विकायचं बोलणं तूर्त बंद केलंय.

परवा दुपारी ताई नव्या गाण्याच्या कामासाठी माझ्याकडे बसली होती. बाहेर कुणीतरी रेडिओ लावला. तेच गाणं लागलं, आणि निवेदकानं शेवटी ताईचं नाव घेतलं. आप्पा त्यांच्या खोलीतून धावत आल्यासारखे आले. केस विस्कटलेले होते.

"हे ऐकलंस का?" ते मला म्हणाले. "ही माझी चाल आहे. सकाळी उठलो तेव्हा माझ्या डोक्यात होती. कुणीतरी चोरली. तक्रार कर." मग माझा चेहरा पाहून ते थांबले, आणि आवाज एकदम खाली आला. "का माझंच काही बिघडलंय? खरं सांग. मी वेडा होतोय का?"

ही भीती मी याच खोलीत, याच खुर्चीवर एकदा पाहिली होती, आणि तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं काही काम तरी होतं.

ताई उठली. तिनं त्यांना दंडाला धरून आपल्या जागी बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"कुणी चोरली नाही, आप्पा," ती म्हणाली. "मला फार ताप होता. तुम्ही मला बघायला आला होतात."

"मी? आणि मग?"

"मग तुम्ही माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्यात, आणि मी गात होते ते ऐकलंत."

"आणि ते गाणं मी चोरलं?"

"नाही हो," ताई म्हणाली. "शुद्धीवर आले तेव्हा मला ते अर्धंच आठवत होतं. तुम्ही होतात म्हणून पुरं राहिलं."

हे खरं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आप्पांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुन्हा एकदा सांगायला सांगितलं. ताईनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.